मुलुंडच्या सात काळ्या पट्ट्या

मंडळी, मला चार माणसांत बोलता येत नाही. म्हणून लिहून आणलंय. वाचताना अडखळले तर थोडं थांबा. मी पुन्हा सुरू करीन.

घाटकोपरच्या या शाळेत आज मुलुंडची, अंधेरीची, कुर्ल्याची माणसं आली आहेत. मानखुर्दची तर सगळी चाळच आली आहे. मागे कारखान्यांचे साहेब लोक बसले आहेत. पुढे शालूच्या आई आहेत, आपण त्यांना काकी म्हणतो. आणि त्यांच्या शेजारी माझे वडील, तुम्हा सगळ्यांचे भाऊ.

शालिनी घाडी, आपली शालू, बारा दिवसांपूर्वी काविळीने गेली. सत्ताविसावं वर्ष होतं तिचं.

मी आत आले तेव्हा खुर्च्या संपल्या होत्या, माणसं भिंतीला टेकून उभी होती. माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? माझ्यासाठी इतकी आली असती का? मग भाऊंकडे पाहिलं. भाऊ रडत होते. लहानपणी मी छातीच्या दुखण्याने महिना महिना अंथरुणात असायचे, तेव्हा ते रडलेले मला आठवत नाहीत. मला तिचा हेवा वाटला. आज, इथे, तिच्या शोकसभेत.

तुम्ही म्हणाल, हे काय बोलतेस, विभा? मला हेच बोलायचं आहे. दुसरं काही बोलले तर ते खोटं होईल.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी आपल्या मंडळाचं थोडं सांगते. पूर्वी मुलुंडचे लोक म्हणायचे, धूर ठाण्याकडून येतो. घाटकोपरचे म्हणायचे, चेंबूरकडून येतो. अंधेरीवाले म्हणायचे, आम्हाला वर्सोव्याचा वारा आहे, आमचं काय अडलंय? मानखुर्दला कोणी विचारतच नव्हतं. भाऊ रसायनशास्त्राचे शिक्षक. ते म्हणाले, भांडायचं तर एका मापाने भांडा. म्हणून काचेच्या पट्ट्या आल्या. पट्टीला एरंडेलाचं बोट फिरवायचं आणि ती एक दिवस गच्चीवर ठेवायची. हवेतली काजळी तिला चिकटते. मग ती भाऊंनी शाईने रंगवलेल्या सात छटांच्या कार्डाशी लावून बघायची. स्वच्छ म्हणजे एक, काळीकुट्ट म्हणजे सात. शेजारी वारा कुठून होता ते लिहायचं. आधी तीन, मग मानखुर्द धरून चार उपनगरं, एकच कार्ड. त्यामुळे कारखानेही आपल्याशी बोलायला तयार झाले.

मुलुंडची पट्टी माझी होती. मी दहा वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही. छातीची घरघर होती, म्हणून भाऊंनीच घरी शिकवलं. वजाबाकी, नकाशे, लिटमसचा कागद, सगळं त्यांच्याकडून. माझं उत्तर बरोबर आलं की ते म्हणायचे, "पुढचं." शाबासकी नाही, नुसतं "पुढचं." मला वाटायचं, भाऊ असेच आहेत, ते कोणालाच शाबासकी देत नाहीत.

मग एका रविवारी बेल वाजली. दार मीच उघडलं. ऑफिसची साडी, खांद्याला पर्स, घामाने डबडबलेली.

"भाऊसाहेब आहेत? मी मानखुर्दची. एक पट्टी आमच्याकडे ठेवा. पण आधीच सांगते हां, तुमचं कार्ड कमी पडेल."

आतून भाऊ हसले. मोठ्याने हसले. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मी तेव्हा बावीस वर्षांची होते.

शालू एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होती. वडील गिरणीतले, गिरणी बंद पडल्यावर घरी बसलेले. तिच्या पगारावर घर चालायचं. दर रविवारी ती सगळ्या केंद्रांच्या पट्ट्या बिस्किटाच्या डब्यात गोळा करून आमच्याकडे आणायची. आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरायची. आमच्या गच्चीवर भाऊंची सूर्यचूल होती. तिच्यात डाळ शिजेपर्यंत दुपारचे दोन वाजायचे. आम्ही उपाशी बसायचो, पण तोंडातून ब्र काढत नव्हतो. शालू म्हणाली, "भाऊ, या चुलीला एक सवत आणा. रॉकेलचा स्टोव्ह." भाऊ पुन्हा हसले. हेच मी म्हटलं असतं तर? मला सूर्याच्या उष्णतेवर धडा लिहायला बसवलं असतं.

मंडळाची फोनसाखळीही तिच्याच डोक्यातून निघाली. कारखान्यांना बॉयलरच्या नळ्यांतली काजळी रोज कधीतरी झाडावी लागते. ती कधी झाडायची ते त्यांच्या हातात असतं. शालू म्हणाली, "वारा वस्तीकडे असेल तेव्हा झाडू नका, एवढंच सांगायचंय ना? मग फोन करा की. मी दिवसभर दुसरं करते काय?" सकाळी प्रत्येक केंद्राने वारा बघायचा आणि शालूला कळवायचा. शालूने कारखान्यांना फोन करायचा. इतकं सोपं. ते मला का सुचलं नाही? मी तर वाऱ्याच्या नोंदी तिच्या आधी दोन वर्षं ठेवत होते.

भाऊ घरात "आपली शालू" म्हणायचे. मला ते नुसतं विभा म्हणतात.

आता मूळ गोष्ट. मानखुर्दच्या पट्ट्या नेहमी सर्वांत काळ्या यायच्या. भाऊ त्यांच्यावर भिंग धरून बसायचे. माझी मुलुंडची पट्टी तीन. फार तर चार. भाऊ ती बघायचे आणि म्हणायचे, "पुढची." मंडळी, मला तिच्या काजळीचा हेवा वाटायचा. तिच्या वस्तीतली पोरं खोकत होती आणि मी इथे, आपली पट्टी अजून थोडी काळी का होत नाही, म्हणून खंत करत होते.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात माझी ताई पहिल्या बाळंतपणाला घरी आली. कामं वाढली. चार जिने चढून गच्चीवर जायला वेळ मिळेना, म्हणून पट्टी मी गॅलरीच्या कठड्यावर ठेवू लागले. ताईची खोली गॅलरीला लागूनच. बाळंतिणीला शेक द्यायचा म्हणून आई तिथे रोज दोनदा शेगडी पेटवायची. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, लसणीची सालं. हे तुम्हाला आत्ता ऐकताना लगेच कळलं. मला कळलं नाही. इतकी वर्षं धूर मोजत होतो, पण धूर म्हणजे कारखान्याचा. घरातल्या शेकाला आम्ही कधी धूर म्हटलंच नव्हतं.

पट्ट्या काळ्या येऊ लागल्या. पाच, सहा, पुन्हा सहा. आठ दिवस. नाही, सात दिवस. आठव्या दिवशी मी पट्टी ठेवलीच नव्हती. रविवारी मी त्या शालूच्या डब्यात ठेवल्या. डब्यातून काढल्यावर भाऊंनी भिंग उचललं आणि म्हणाले, "विभा, हे बघण्यासारखं आहे." एवढंच म्हणाले. पण त्या एका वाक्यावर मला दोन वेळचं जेवण नको झालं.

त्याच दुपारी शालूने पट्टी उचलली आणि नाकाशी धरली. भाऊ तपकीर ओढतात, त्यांना वास कळत नाही. तिला कळला. ती मला ओट्यापाशी घेऊन गेली.

"विभा, ही हुंगून बघ."

"कशाला?"

"बघ तर. ओव्याचा वास येतोय गं. कुठला कारखाना ओवा जाळतो?"

"तुला भलतंच काहीतरी वाटतं."

"तुझी ताई बाळंतीण आहे ना? पट्टी कुठे ठेवतेस तू?"

त्या क्षणी मला सगळं कळलं. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "मानखुर्दची काळी आली की ती खरी, आणि मुलुंडची काळी आली की ओवा?"

तिने पट्टी ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, "काळी पट्टी म्हणजे काय बक्षीस आहे का, यार? भाऊंना सांग. तुझी पट्टी आहे, तूच सांग. मी चुगली करणार नाही."

मी सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी कारखान्यांबरोबर बैठक झाली. याच सभागृहात. शालूचा फोन आला की काजळी झाडणं थांबवायचं, असा करार व्हायचा होता. भाऊंनी मुलुंडच्या त्या सात पट्ट्या टेबलावर मांडल्या. आग्रा रोडवरच्या ओतकाम कारखान्याचे साहेब त्या बघून शांतपणे म्हणाले, "त्या आठवड्यात आमची भट्टी दुरुस्तीसाठी बंद होती."

भाऊंनी पट्ट्या उचलायला हात पुढे केला. त्यांचा हात टेबलावर तसाच राहिला. मी उठायला हवं होतं. मी उठले नाही.

शालू उठली. म्हणाली, "साहेब, घोळ माझा आहे. डब्यात मानखुर्दच्या पट्ट्या मुलुंडच्या जागी गेल्या. भाऊंचा दोष नाही."

साहेब म्हणाले, "मग मानखुर्दच्या नोंदींवर आम्ही विश्वास कसा ठेवायचा?"

करार झाला. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी. मानखुर्द वगळून.

जिन्यात मी तिला गाठलं. "तू असं का केलंस?" ती म्हणाली, "भाऊंचं तोंड बघितलंस? माझ्याच्याने बघवेना. बोलून गेले. मानखुर्दच बाहेर काढतील हे कुठे माहीत होतं मला? आता तू आठ दिवसांत सांगून टाक, म्हणजे मी मोकळी."

आठ दिवस गेले. दोन हिवाळे गेले.

त्या दोन वर्षांत शालूने काय केलं? रोज सकाळी फोन केले. घाटकोपरचा वारा फिरला की फोन. मुलुंडचा फिरला की फोन. अंधेरीचा फिरला की फोन. मानखुर्दचा वारा फिरला, तर तिला फोन करायचा अधिकार नव्हता. ज्या गल्लीत ती झोपत होती, त्या गल्लीसाठी नव्हता. तिच्या चाळीतले लोक तिला विचारायचे, "काय गो शालू, तुझ्या एका चुकीपायी आमी धूर खावचो काय?" ती ऐकून घ्यायची.

आणि भाऊ? त्यांचं "आपली शालू" म्हणणं थांबलं. ते तिला "घाडी" म्हणू लागले. एकदा मंडळाच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, तिला म्हणाले, "घाडी, नोंदीत हलगर्जी करणाऱ्याला मी माफ करत नाही." ती म्हणाली, "हो भाऊ." आणि मंडळी, मी खूश झाले. मला वाईट वाटायला हवं होतं. पण त्या संध्याकाळी मी पोळ्या लाटताना गुणगुणत होते. मग तिच्या त्या "हो भाऊ"चाही मला हेवा वाटायला लागला. माझी चूकसुद्धा तिने माझ्यापेक्षा नीट सांभाळली होती.

मागच्या महिन्यात मी तिला बघायला हॉस्पिटलात गेले. डोळे हळदीसारखे पिवळे. मला बघून म्हणाली, "ये. मीच पट्टी झालेय बघ. ही छटा भाऊंच्या कार्डावर नाही." मी हसले नाही. ती म्हणाली, "विभा, मानखुर्दचं बघ गं. माझं राहू दे." मी म्हटलं, "तू बरी हो, आपण दोघी मिळून सांगू." ती म्हणाली, "दोघी कशाला? तुझंच आहे ना?" ते रागाने नव्हतं. थकली होती.

मंडळी, परवा कार्यकारिणीने मला शालूची जागा घ्यायला सांगितलं. फोनसाखळी माझ्याकडे द्यायची ठरली. इतकी वर्षं मला तेच हवं होतं. मी ती घेणार नाही. जिच्या नोंदीवर आज तुमचा विश्वास बसणार नाही, तिने फोन करू नये.

भाऊ, तुम्ही हे आत्ता पहिल्यांदा ऐकताय. घरी सांगायला हवं होतं, कबूल आहे. पण घरी सांगितलं असतं तर तुम्ही मला माफ केलं असतं, आणि गोष्ट आपल्या दोघांतच राहिली असती. शालूला तुम्ही चार माणसांत बोललात. म्हणून हेही चार माणसांत.

आणि मागे बसलेल्या साहेबांना माझी हात जोडून विनंती आहे. मुलुंडच्या सात पट्ट्या खोट्या होत्या. त्या माझ्या होत्या. मानखुर्दची एकही पट्टी कधी चुकलेली नाही. मानखुर्दला ज्या कारणाने वगळलं ते कारण कधी नव्हतंच. शोकसभेत ठराव मांडत नाहीत, मला माहीत आहे. मी ठराव मांडत नाही. पण उद्या सकाळी मानखुर्दला कोणीतरी वारा बघेल आणि तुम्हाला फोन येईल. तो घ्या. माझ्या चुकीचा आधार घेऊन करारातून अंग काढू नका. पट्ट्या पुन्हा लावून बघा. आमच्या सगळ्यांच्या बघा. सर्वांत आधी माझ्या बघा.

काकी, तुमच्या लेकीला दोन वर्षं लोकांनी बोल लावले. तुम्हीही लावले असतील. ते तिचे नव्हते. मी दर रविवारी तुमच्या लेकीच्या हातचा चहा पीत होते, आणि तुम्ही भेटलात की मला विचारत होतात, "चेडवा, जेवलंस काय?" मी "हो" म्हणत होते. मला याहून जास्त काही म्हणता येत नाही.

आता आपण दोन मिनिटं उभे राहू. मी इथे माइकपाशी उभी राहणार नाही. मानखुर्दची मंडळी डाव्या हाताला भिंतीपाशी उभी आहेत, तिथे येते. जागा द्याल तर तुमच्यात उभी राहीन. नाही दिलीत तर दाराशी राहीन.

शालू, जे माझं होतं ते मी आज सांगितलं. उशिरा सांगितलं.

उठा, मंडळी.