खांद्यांचं माप

दातांच्या दवाखान्यात माझा नंबर यायला वेळ होता, म्हणून मी डोळे मिटून जप करत बसले होते. शेजारच्या बाकावर एक सासू विणत होती आणि सून तिच्याकडे पाठ करून बसली होती.

"सरळ बस गं, पाठीला लावून बघू दे."

"आई, लोक बघताहेत."

"बघू देत. माझी लेक आणि तू, खांद्यात अगदी सारख्या."

"पण वन्सं येणार आहेत का? रागावून गेल्या त्या गेल्याच. साधा फोन नाही."

"आली तर? माझ्या तरुणपणच्या फोटोतला असाच जाळीच्या विणीचा लोकरी टॉप तिला फार आवडायचा."

"पण एवढा ढगळ का?"

"आता बारीक आहे की जाड, मला मेलीला काय ठाऊक!"

"आधीचे दोन कपाटातच आहेत. तेही माझ्याच पाठीवर मापलेत."

"सुया टोचतात का गं तुला?"

"छे हो. लोकर छान ऊबदार आहे. माप झालं की तुम्ही काढून घेता ना, तेव्हा तेवढं गार वाटतं."

सुयांचा आवाज थांबला.

"बटणं खांद्यावर लावू की मागे?"

"वन्संना कुठे आवडायची?"

"तुला विचारतेय."