भुऱ्याच्या पायातलं कुसळ

जन्म माझा किन्हवलीच्या पलीकडच्या वाडीतला. पावसाळ्यात भात, आनि दसरा झाला की डोंगरावरचं गवत कापायचं, भारे बांधायचे, तबेल्यांच्या गाड्या येतात त्यांत भरायचे. बत्तीस वर्षं हेच केलं. भारे मोजायला मलाच बोलवतात, माझी मोजणी चुकत नाय. चुकलो तो घरात, काय सांगू तुमाला.

घरात आमी तीन माणसं. मुलगी मुरबाडला दिली तेव्हा दोन राहिलो, बायको गेली तेव्हा मी एकटा, आनि हा भुऱ्या. कुत्रा खरा तिचा. ती ओटीवर गोधडी टाकून मधोमध तांदूळ निवडत बसायची आनि हा त्याच गोधडीच्या कोपऱ्यावर झोपायचा. ती गेल्यावर आमच्या रीतीप्रमाणं तिचं अंथरूण-पांघरूण दहाव्याला देऊन टाकायचं, तसं सगळं दिलं, गोधडी नाय दिली. मुलगी म्हणाली बाबा, गोधडी कुठंय, मी म्हटलं दिली. ट्रंकेत तळाला घालून कुलूप लावलं होतं. मुलीशी तेवढंच एक खोटं बोललो.

भुऱ्या गार फरशीवर झोपेना, म्हणून त्याला गवत अंथरलं, वीतभर जाड. शेजारचा बारकूदादा हसायचा, काय रे, कुत्र्याला जावयासारखा ठेवलास. मी म्हटलं जावई वर्षातून दोनदा येतो, हा रोज असतो.

महिन्याभरात त्याच्या उजव्या पुढच्या पायाला, बोटांच्या बेचक्यात फोड आला, सुजला, फुटला. मिठाच्या कोमट पाण्यानं धुतला, हळद भरली, अकरा दिवसांत बरा. मग डाव्या पायाला. मग परत उजव्या. मी कॅलेंडरवर फुली मारत गेलो, वर्षात सात फुल्या झाल्या. सातव्या वेळी पाय टेकेना, भाकरीला तोंड लावेना. हा गेला तर घरात आवाज नुसत्या भांड्यांचा राहील, असं वाटलं. टमटममधून मांडीवर घेऊन शहापूरला गुरांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेला.

बाईंनी चिमट्यानं फोडातून काढलं काय, तर गवताचं कुसळ. म्हणाल्या, काका, हे एकदा घुसलं की पुढंच सरकतं, असंच होत राहिलं तर बोट काढावं लागेल. झोपतो कशावर हा?

मी म्हटलं, गवतावर. बत्तीस वर्षं स्वतःच्या कपड्यांतली कुसळं वेचतोय मी, आनि भुऱ्याला रोज रात्री त्याच कुसळांवर झोपवत होतो, ते पन मायेनं.

घरी येऊन गवत काढलं, पोतं टाकलं. पोत्यावर जाईना. दोन दिवस थंडीत फरशीवर कुडकुडत राहिला. तिसऱ्या दिवशी ट्रंक उघडली, गोधडी ओटीवर टाकली. त्यानं चारी कडा हुंगल्या, आनि गेला तो त्याच्या जुन्या कोपऱ्यावर.

ओटीवरची वस्तू अख्ख्या वाडीला दिसते. संक्रांतीला मुलगी आली ती पायरीवरच थांबली, गोधडीकडं बघत राहिली. मी मनात म्हटलं आता विचारणार. तर ती म्हणाली, सरक रे भुऱ्या, आनि बसली त्याच्याजवळ.

तेव्हापासून कॅलेंडरवर फुली नाय. रोज दिवेलागणीला त्याच्या चार पायांची बारा बेचकी बघतो, मग बाजूला फरशीवर बसतो. बरं चाललंय आमचं. तो अजून कोपऱ्यावरच झोपतो. मधली जागा मोकळी असते, तिथं मी बसत नाय.