तांड्यावरचा विमानहल्ला

आता तुम्ही हसान, पण तवा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. पासष्टची लढाई चालू होती अन् मी फुलसावंगीकडच्या एका बंजारा तांड्यावर मास्तर होतो. वरून हुकूम आला, पोरांकडून विमानहल्ल्याचा सराव करून घ्या. शिट्टी वाजली की वर्गातून पळत शेतात जायचं अन् पालथं पडायचं.

तांड्याचे नायक, म्हणजे तिथले मुखिया, पोट धरून हसले. "गुरुजी, पावसाळ्यात इथं बैलगाडी येत नाही, विमान कायले येईन?"

तरी मी सराव सोडला नाही. एका दुपारी पाढे चालू होते अन् पावसानं भिजलेल्या कवेलूच्या छपराचं आढं कडाडलं. मी जीव खाऊन शिट्टी फुंकली. पोरं भुर्रकन बाहेर पळाली. मागून मी निघालो अन् पाठीमागं पुरं छप्पर खाली बसलं.

आवाज ऐकून नायक धावत आले. पाहतात तर शाळा आडवी अन् सारी लेकरं शेतात पालथी, निपचित. "गेली रे माझी लेकरं!" म्हणत त्यांनी हंबरडा फोडला अन् जवळच्या सोनीले उचलायले वाकले.

दुसरीतल्या त्या पोरीनं चिखलातून जरासं तोंड वर केलं. हळूच म्हणाली, "नायकबाबा, आडवे पडा ना! गुरुजीनं अजून उठा म्हटलं नाही."

मी कसा म्हणीन? मी तर अजून पोरंच मोजत होतो. अन् नायक रडत रडत, हसत हसत, खरंच तिच्या बाजूले चिखलात पालथे पडले.