खांबाआड

(कॉलेजच्या चॅपेलबाहेर. बुधवारची उपासना नुकतीच संपली आहे.)

अंबिका : अहो, तुम्ही इथे? रविवारी नेवाशाला मैफल आहे ना? आणि रियाज सोडून?

विष्णुपंत : सहज आलो. बसलो होतो मागे, खांबाआड.

अंबिका : खांबाआड कोणी सहज बसत नाही.

विष्णुपंत : तो खर्जात गाणारा दाढीवाला कोण?

अंबिका : केमिस्ट्री शिकवतात म्हणे. नाव नाही माहीत.

विष्णुपंत : दर बुधवारी येतेस आणि नाव माहीत नाही?

अंबिका : एवढे जण एकदम गातात. कोणाकोणाचं विचारत बसू?

विष्णुपंत : तेच म्हणतोय मी. ना आलाप, ना तान. चार जण वरचा सूर धरतात, चार जण खालचा. दाद द्यायची तरी कोणाला?

अंबिका : कोणालाच नाही. संपलं की गप्प बसायचं. मला तेच आवडतं.

विष्णुपंत : म्हणजे मला दाद देऊन देऊन दमलीस?

अंबिका : मी कधी दिली? माझे हात तानपुऱ्यावर असतात आणि लक्ष मध्यंतराच्या चहाकडे. दूध पुरेल की नाही, याकडे.

विष्णुपंत : आणि इथे डोळ्यांना पदर लावतेस. पाहिलं मी.

अंबिका : हो. शेवटी सगळे आवाज हळूहळू कमी होत एकदम थांबले ना, तेव्हा.

विष्णुपंत : लग्न झाल्यापासून माझं गाणं ऐकतेस. त्याला कधी रडली नाहीस.

अंबिका : तुम्हाला काय माहीत? मी मागे बसते.

विष्णुपंत : म्हणजे... रडली होतीस?

अंबिका : वळून पाहिलं असतंत तर कळलं असतं. एकदाच वळलात. तार उतरली होती तेव्हा.

विष्णुपंत : अगं, पण रडलीस की नाही?

अंबिका : रिक्षा थांबवा ती.

विष्णुपंत : थांबेल रिक्षा. रविवारी इथे नाताळची गाणी आहेत, फाटकावर लिहिलंय. तू इथे येणार की नेवाशाला?

अंबिका : नेवाशाला. पण तानपुरा तुमच्या त्या शिष्येला द्या, रुचाला. मी समोर बसेन, सतरंजीवर, लोकांत.

विष्णुपंत : समोर? माझ्या अगदी समोर?

अंबिका : हो. रडू आलं तर दिसेल तुम्हाला.

विष्णुपंत : आणि नाही आलं तर?

अंबिका : तेही दिसेल.