तीन मिनिटांची आई

—आणि रडायचं नाही, हे आधीच सांगून ठेवते. मागच्या अधिवेशनात एक बाई आणली होती, माझ्यासमोर घडाघडा बोलायची, वाटलं ही आत जाऊन गाजवणार — आणि पहिल्याच वाक्याला जी रडायला लागली ती लागलीच. सभापतींनी पाण्याचा ग्लास पुढे केला, बाकीच्यांनी माना खाली घातल्या, झाली तीन मिनिटं. शाळेचं नावसुद्धा निघालं नाही तोंडातून. बाहेर आल्यावर मला म्हणते, ताई, त्यांचेही डोळे भरून आले हो. भरून नाही आले, बाई! जेवणानंतरची जांभई दाबत होते. तू रडणारी आहेस का? नाही ना? मग नीट बस. पदर — नाही, ओढणी आहे का — ती सारखी ओढू नकोस. शिपाई तुझं नाव पुकारेल तेव्हाच उठायचं.

आत समितीचे पाच जण बसलेत. कडेचा झोपतो, पण डोळे उघडे ठेवून, सरावाचा माणूस आहे. त्याच्या शेजारचा प्रत्येकाला विचारतो, आपण कुठून आलात — आणि उत्तराच्या वेळी फोन बघतो. तू उत्तर दे, तो ऐकणार नाही, पण दे. चष्मेवाल्या बाईंकडे बघायचं नाही. त्या ऐकतात. ऐकतात म्हणजे मग प्रश्न विचारतात, आणि प्रश्न आला की आपली माणसं गडबडतात. सभापतींकडे बघ. ते मान हलवतील. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघूनही मान हलवतात, तेव्हा हुरळून जायचं काही कारण नाही.

मी का नाही बोलत? अगं, मला बघितलं की ते चहाला उठतात! माझा मुलगा पहिलीत होता तेव्हा लागले मी या नादाला, आता तो नोकरीला लागलाय. हसतेस काय? पालक काय निवृत्त होतो? सरकारी शाळांच्या पालकांचा मंच म्हणजे कोण, विचार कुणालाही. मुलींच्या संडासांना दारं कुणी लावून घेतली? बाकीचे कोण आहेत — आयत्या बिळावर नागोबा. फोटो काढायच्या दिवशी ही गर्दी, सतरंजी उचलायच्या वेळी मी एकटी. पण आता यांना ताजी आई लागते. खरीखुरी, कामावरून सुट्टी काढून आलेली, जरा घाबरलेली. म्हणून तुझं नाव दिलं. तीन मिनिटांची आई आहेस तू, बाकी सगळं माझं झालंय करून.

तर वाक्य काय आहे? ‘पालकांचा या विधेयकाला दुरुस्तीसह पाठिंबा आहे.’ दुरुस्तीसह — हा शब्द गिळायचा नाही, सगळा जीव त्यातच आहे. मूळ विधेयकात काय होतं? ज्या शाळेत साठाच्या आत मुलं, ती शाळा बंद, मुलं शेजारच्या शाळेत. साठ! गावंच्या गावं गेली असती. मी सभापतींच्या खोलीबाहेर बसून बसून बाकाला खड्डा पाडला, तेव्हा कुठे माणूस चाळिसावर आला. फुकट? फुकटच म्हणायचं. आपण आत जाऊन पाठिंबा आहे म्हणायचं, एवढंच. हां, एक सल्लागार मंडळ होतंय, त्यावर पालकांतलं कुणीतरी घेणार आहेत. कोण ते ठरायचंय. म्हणजे ठरलंय, पण तू बोलू नकोस कुठे.

चाळिसाच्या खालच्यांचं काय? काय म्हणजे? दगडापेक्षा वीट मऊ. शिवाय त्या शाळांचे पालक — मी तर म्हणते, त्यांनाच नकोय शाळा. दर मंगळवारी सकाळी दहाला आमची बैठक असते, इतकी वर्षं, एकदा तरी तिकडचं कुणी फिरकलं? पोराला शाळेत टाकायचं नि मोकळं व्हायचं. अशांसाठी मी किती भांडायचं? — का गं, अशी काय बघतेस माझ्याकडे? घाबरलीस. पाणी पी. सगळ्याच घाबरतात.

बरं, सुरुवात. मी अमुक शाळेतल्या मुलीची आई, आमच्या शाळेत इतकी मुलं. आकडा सांगायचा, आकडा सांगितला की कडेचासुद्धा जागा होतो. तुमचा आकडा काय? एकतीस? वर्गाचा नव्हे गं, मी सगळ्या शाळेचा विचारतेय.

सगळ्या शाळेचा?

तू त्या… खाणीपलीकडच्या शाळेतली का? मला वाटलं बाजाराजवळची मोठी. मला कुणी सांगितलं नाही. तू तरी सांगायचंस! — विचारलं नाही म्हणे. सगळं काय विचारायचं? बैठकीला आली असतीस तर — मंगळवारी कामावर असतेस. हो, सगळेच असतात कामावर. मग संध्याकाळी ठेवायची का बैठक? संध्याकाळी मला घरी… ते राहू दे. हे बघ, आकडा सोडून दे. ‘आमची छोटीशी शाळा’ म्हण, गोड वाटतं. बस देणार आहेत ना मुलांना. सभापती स्वतः म्हणालेत मला. लेखी नाही, तोंडी. तोंडीच असतं हे सगळं. तोवर चालतील चार दिवस पोरं, आपण नाही का चाललो — मी? मी शाळेच्या समोरच राहायचे. ते कशाला काढतेस आता?

असं करू. तुला बरं नाही वाटत. चेहरा बघ कसा झालाय. मी बोलते तुझ्याऐवजी, शिपायाला सांगते — नाही? नाही म्हणजे काय? अगं, तू पाठिंबा आहे असं नाही बोललीस तर त्यांचा आकडा परत साठावर जाईल, कळतंय का? मग तुझीही शाळा जाईल आणि बाकीच्यांच्याही. तुझी जातेच आहे, हो, ऐकलं मी. दोनदा नको सांगूस. त्या चष्मेवाल्या बाई तुला विचारतील, पाठिंबा आहे म्हणता, मग तुमच्याच शाळेचं काय — आणि तू काय सांगशील? काय सांगणार आहेस तू त्यांना?

पुकारलं. बस. बस म्हणते ना! मी इतकी वर्षं — माझ्यामुळे आत चालली आहेस तू, हे विसरू नकोस. दोन वाक्यं सलग येत नाहीत आणि निघाल्या कायदा बदलायला! जा. जा, खुशाल जा. कोण ऐकणार आहे तुझं?

…शिपाईदादा, दार नका लावू. राहू द्या जरासं उघडं.