जुन्या गाडीच्या पावतीवरील सहीबाबत

जबाब देणार: गाडीच्या नोंदणीकृत मालकांची थोरली मुलगी. वय २३ वर्षे. शिक्षण: पदवीधर. व्यवसाय: सध्या घरी शिकवण्या; शाळेत शिक्षिका म्हणून निवड झाली आहे, नेमणूक व्हायची आहे. राहणार: पाण्याच्या टाकीमागची गल्ली, दुसरा मजला.

मी आज सकाळी दहा वाजता स्वतःहून ठाण्यात हजर झाले. समक्ष विचारल्यावरून सांगते की, आमच्या घरी मी, आई, वडील व धाकटी बहीण असे चौघे राहतो. वडील सव्वीस वर्षे स्वतःची गाडी भाड्याने चालवतात. त्यांना वाचता येत नाही. सही येते. मी चौथीत असताना ती मीच त्यांना शिकवली. सही करताना ते प्रत्येक अक्षर ओठांत म्हणतात, त्यामुळे वेळ लागतो.

जुनी डिझेल गाडी देऊन वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घ्यावी, ही कल्पना माझी होती. धूर, हवा, पुढची पिढी यांवर मी घरात महिनाभर बोलत होते. वडिलांचे म्हणणे, "म्हातारी अजून एका हाकेला उठते." म्हातारी म्हणजे जुनी गाडी. मी ऐकले नाही. शेवटी ते आईला म्हणाले, "शिकवलं आपणच, आता ऐकायलाही आपणच पाहिजे."

मागील महिन्याच्या चौदा तारखेला, शनिवारी, सकाळी अकराच्या सुमारास मी व वडील गाडीबाजारात गेलो. तेथील विक्रेत्याने मला नव्या गाडीच्या बॅटरीचा चार पानी अहवाल दिला. तो मी शब्दन् शब्द वाचला व प्रश्न विचारले. विक्रेता वडिलांना म्हणाला, "काका, पोरगी हुशार आहे हं, आम्हालाच विकेल." वडील फार खूश झाले. ते म्हणाले, "म्हातारीबरोबर मलाही घ्या बदल्यात, किलोमीटर तेवढेच झालेत."

त्यानंतर जुनी गाडी ताब्यात घेतल्याची पावती पुढे आली. तिच्यावर गाडीचा नंबर व किलोमीटरचा आकडा विक्रेत्याने माझ्यासमोर लिहिला. तारखेची व घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती, शिक्का नव्हता. वडिलांनी मला विचारले, "वाचलंस ना?" मी हो म्हणाले. मी वाचले नव्हते.

वडील सही करू लागले. दोन अक्षरे झाली. मागे आणखी दोन गिऱ्हाइके उभी होती. विक्रेता म्हणाला, "काका, सही करायचीय, चित्र नाही काढायचं." गिऱ्हाइके हसली. मीही हसले. मी म्हणाले, "बाबा, द्या इकडे, मी करते." मी पेन घेतले, विक्रेत्याकडून तशीच दुसरी पावती लिहून घेतली व तिच्यावर वडिलांच्या नावाची सही केली. ती झरझर केली. वडिलांनी मला तसे करण्यास सांगितले नव्हते. ते खुर्ची मागे सरकवून उभे राहिले. येताना त्यांनी नवी गाडी चालवली नाही. अजून सवय नाही म्हणाले.

मालकी बदलल्याचे आठ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवू, असे विक्रेत्याने सांगितले होते. तसे कळवले गेले नाही. वडिलांनी मला दोनदा विचारले, "म्हातारीचे कागद झाले का गं?" मी दोन्ही वेळा सांगितले, "बाबा, आता ते सगळं आपोआप होतं." मी चौकशी केली नव्हती.

या महिन्याच्या दोन तारखेला दुपारी सव्वाचार वाजता, जुन्या गाडीने गिरणीच्या रस्त्यावर शिवणकाम करणाऱ्या एका बाईंना धडक दिली व ती न थांबता निघून गेली, असे मला ठाण्यातून समजले. बाईंच्या मांडीचे हाड मोडले आहे. मी दोनदा रुग्णालयात गेले. दोन्ही वेळा वॉर्डच्या दारापर्यंत गेले. त्या दिवशी गाडी कोण चालवत होते हे मला माहीत नाही. वडील नव्हते. गाडी त्यांच्याकडे नव्हतीच.

विक्रेत्याचे म्हणणे, पावतीवरील सही मालकाची नाही, त्यामुळे गाडी आमच्याकडे आलीच नाही. गाडी त्यांना दिल्याचा आमच्याकडे तो एकच कागद आहे. गाडी अजून वडिलांच्याच नावावर असल्याने काल त्यांना येथे बोलावून कोऱ्या कागदावर तीन सह्या घेतल्या. एकही जुळली नाही. तरी वडिलांनी, "सही माझीच, साहेब. त्या दिवशी घाईत होतो," असा जबाब दिला आहे. तो खरा नाही. वडील कधीही घाईत सही करत नाहीत.

त्यांनी तसे का सांगितले ते मला माहीत आहे. माझी नेमणूक चारित्र्य पडताळणीवर अवलंबून आहे व त्या पडताळणीचा अर्ज याच ठाण्यात आलेला आहे. काल घरी मी खरे सांगते म्हणाले, तेव्हा आई म्हणाली, "त्यांना विचारलंय, तुला नाही. गप्प बस. घरात एकजण तरी खुर्चीवर बसू दे." मी रात्रभर गप्प बसले. वडील तेवढा वेळ येथे बाकावर होते.

दुसऱ्याच्या नावाची सही करणे गुन्हा आहे, हे ठाणे अंमलदारांनी मला जबाबापूर्वी समजावून सांगितले. ते मला आधीपासून माहीत होते. मी मुलांना नागरिकशास्त्र शिकवते. माझ्या हस्ताक्षराचे नमुने मी देत आहे. पावतीवरील आकडे विक्रेत्याच्या हातचे आहेत, तेही पडताळून पाहावेत.

मला वाचता येते; तरीही हा जबाब मोठ्याने वाचावा व वडिलांना आत बोलावून वाचावा, अशी विनंती मी केली. ठाणे अंमलदारांनी तो सुरुवातीपासून वाचला. वडिलांनी उभे राहून ऐकला. शेवटी ते अंमलदारांना म्हणाले, "साहेब, लहान आहे हो ती. तिचं धरू नका."

माझे वय तेवीस वर्षे पूर्ण आहे. वर लिहिलेले सर्व मी सांगितले तसेच आहे व ते माझ्यावर धरावे.