परत आलेला वाडगा

नाही नाही, उठू नका ताई, बसा — भांडायला नाही आलो मी. आचारी मुदपाकखान्यातून बाहेर आला की लोकांना वाटतं, आता हा दोन शब्द ऐकवणार — तसलं काही नाही, हे बघा, हातसुद्धा पुसून आलोय. वाडगा परत आणलाय तो तुम्ही खावा म्हणून नाही हो. मला फक्त विचारायचंय. तो दारापाशी उभा आहे ना उंच, तो आमचा वाढपी, लंबू म्हणतात त्याला — तो म्हणाला, आज पहिल्या आलेल्या बाईंनी एक चमचा खाल्ला आणि वाडगा सरकवला. मी म्हटलं, म्हणाल्या काय? तर म्हणे, काही नाही, हसल्या. आता हसू नका. सांगा मला. अळणी आहे? नाही? मग खारट? नुसती मान नका हलवू, तोंडाने सांगा — किती खारट? पाणी घालून निभावेल इतकं, का अगदी — अच्छा. तोंडात धरवत नाही इतकं. बरं झालं सांगितलंत. म्हणजे, बरं कसलं — माफ करा, खुर्ची ओढू का जरा? गुडघे दुखतात.

काय म्हणालात? मीच का चाखत नाही? चाखलंय हो मी, चाखल्याशिवाय आचारी काही पाठवतो का बाहेर? ते जाऊ द्या. तुम्ही इथल्या नाही ना? बुटांवरून कळतं, आमच्या गावच्या चढावर असले बूट टिकत नाहीत. मासिकात वाचून आला असाल, सगळे तसेच येतात — डोंगरातलं शहर आणि जगभरचं जेवण! खरं आहे पण ते. ही एकच गल्ली घ्या. खाली वळणावर कच्चा मासा कापून देणारा बसतो — समुद्र कुठे, हा गडी कुठे, आणि तरी बाहेर रांग. त्याच्या वरच्या अंगाला त्या दोघी बहिणी, शेवया हाताने ओढतात, एकमेकींशी बोलत नाहीत पण पीठ एकाच परातीत मळतात. मग तो दाढीवाला, सगळं निखाऱ्यावर भाजतो, त्याच्या धुरापायी शेजारणीने तक्रार केली आणि आता ती रोज तिथेच जेवते. आणि अगदी वर, गच्चीवर, शेफबाईंचं हॉटेल. तिथे ताट हे एवढं आणि त्यात घास केवढा, तर अंगठ्याएवढा — पण थट्टा नाही करत मी, ती बाई मोठी आहे, तिचा तो अंगठ्याएवढा घास माणूस वर्षभर विसरत नाही. आणि या सगळ्यांच्या मधोमध मी — पांढरा घेवडा, हाडांचा रस्सा, पाव. एवढंच. एवढ्यावर लोक चढून यायचे माझ्याकडे.

ते बघा, तुमच्या मागे भिंतीवर, चौकटीत लावलंय ते कात्रण — छकुलीने लावलं. छकुली म्हणजे माझी मुलगी. तिशीची घोडी झाली, तरी मी छकुलीच म्हणतो आणि ती चिडते. वाचा ना मधली ओळ — ‘हात कुठे थांबवायचा हे या आचाऱ्याला कळतं.’ वाचलंत? मी वाचलं तेव्हा मुदपाकखान्यात जाऊन रडलो. आनंदाने नाही हो. ताई, तुम्ही परक्या आहात, परत कधी दिसणार नाही, म्हणून सांगतो — मला काहीच कळत नाही. काही म्हणजे काही नाही. हिवाळ्यात ताप आला, ताप उतरला, आणि नाक-जीभ दोन्ही घेऊन गेला. मला वाटलं सर्दी आहे, जाईल. मग एके दिवशी कांदा करपला तो मला डोळ्यांनी कळला — धूर दिसला म्हणून. मी तिथेच बसून मूठभर मीठ तोंडात टाकलं. वाळू. नुसती वाळू. डॉक्टर म्हणाला, येईल हळूहळू, कुणाकुणाची येते. कुणाकुणाची! तो काय, औषध लिहून मोकळा झाला. मला दुसरं काय येतं हो? मला धड हिशेब येत नाही, गाडी चालवता येत नाही. गाणंसुद्धा बेसूर. मला एक मीठ कळायचं.

नाही, कुणालाच नाही सांगितलं. कुणाला सांगणार? या गल्लीत आचाऱ्याची जीभ गेली असं नुसतं कुजबुजलं तरी संध्याकाळपर्यंत शेवयावाल्या बहिणीसुद्धा एकमेकींशी बोलायला लागतील. आणि छकुलीला तर नाहीच. मी मापं धरली. इतकी हाडं, इतका घेवडा, इतके चमचे मीठ — शिकाऊ पोरासारखं सपाट करून, वरून सुरी फिरवून. आणि चाललं! लोक खात होते, बोटं चाटत होते. आता तुम्ही म्हणाल, मापाने चालतं तर आज काय झालं? हा प्रश्न तुमचा नाही, माझा आहे — मघापासून मी तोच विचारतोय स्वतःला. कारण मापाने चालूच शकत नाही, ताई. इथे नाही. या उंचीवर पाणी लवकर उकळतं पण दाणा लवकर शिजत नाही, नुसता उड्या मारतो. रस्सा आटतो, पाणी घाला, पुन्हा आटतो, पुन्हा घाला — आज एक तास, उद्या दोन, जसा दाणा तसं. त्यात मापाचं मीठ आधी टाकलं की शेवटी किती उरेल हे देवालाही सांगता यायचं नाही. मीठ शेवटी टाकायचं असतं, आणि जिभेने. हे मीच छकुलीला शिकवलं, स्टुलावर उभी राहायची तेव्हा. मग हिवाळ्यापासून आजपर्यंत एकही वाडगा परत कसा नाही आला? एकही नाही! आणि आज पहिलाच —

थांबा. थांबा हं जरा.

आज ती नाही. आज छकुली नाही मुदपाकखान्यात. रोज काय होतं, सांगू? दार उघडायच्या जरा आधी ती म्हणते, बाबा, बाहेरचा फळा लिहा ना. आजचं काय आहे ते खडूने लिहायचं, बस, दोन ओळी. ती म्हणते, तुमचं अक्षर बघून गिऱ्हाईक आत येतं. मी आपला लिहीत बसतो, ऊन असलं तर जरा अक्षर घोटवतो, कधी एखादं फूल काढतो कोपऱ्यात. परवा तर म्हणाली, बाबा, पुसून पुन्हा लिहा, ओळ वाकडी आली. ओळ सरळ होती हो! मला वाटलं, पोरीला बापाच्या अक्षराचं कौतुक. कसलं आलंय अक्षर — लंबू म्हणतो कोंबडीने लिहिल्यासारखं आहे. ती मला बाहेर काढत होती. मी फळा रंगवत होतो आणि ती आत माझं पातेलं सावरत होती. रोज. पाणी घाल, दाणे ठेचून घाल, आंबट घाल, नाहीतर अर्धं काढून पुन्हा कर — कोणास ठाऊक काय काय करत होती, आणि मी परत आत आलो की पुसलेला चमचा जागच्या जागी. म्हणजे ते कात्रण — कात्रण तर आत्ताचं, उन्हाळ्याच्या तोंडाशी छापून आलं. तो हात तिचा आहे, ताई. माझ्या नावाने तिचा हात छापलाय तिथे, आणि तिनेच तो चौकटीत घालून भिंतीवर टांगला.

पाणी नको मला. ठीक आहे मी. तुम्ही ऐका, कारण आता खरं संकट सांगतो. शेफबाईंनी तिला वर बोलावलंय. त्यांच्या हाताखालची पहिली जागा, अख्खा मुदपाकखाना हिच्या हाती. अशी जागा माणसाला एकदा मिळते, कधी कधी एकदाही नाही. आणि ही पोरगी नाही म्हणत होती! दोनदा नाही म्हणाली. मी विचारलं का, तर म्हणे मला अंगठ्याएवढे घास आवडत नाहीत. मी हसलो. हसलो मी, मूर्खासारखा. आता कळतंय ना का ते? आज शेवटचं बोलावणं होतं — एक पदार्थ करून दाखव आणि जाताना हो किंवा नाही सांग. मी तिला ढकलत पाठवली, म्हटलं एक दिवस मी एकटा काय मरणार नाही. निघताना दारातून तीनदा मागे फिरली. एकदा रुमाल विसरला म्हणून, एकदा लंबूला काहीतरी सांगायला, आणि एकदा नुसतीच. म्हणाली, शेफबाईंना मी उद्या सांगते म्हणेन, आधी घरी येऊन बघते. मी म्हटलं, घरी काय बघायचंय? तर चढाला लागलीसुद्धा.

हे बघायचंय तिला. हा वाडगा. हा जर तिने बघितला ना, तर संपलं. जन्मभर ती इथे राहील आणि मी जन्मभर फळा लिहीन. मला नाही चालणार ते. दुकान बुडालं तर बुडू दे, बंद करीन, पाव विकीन, शेवयावाल्यांकडे भांडी घासीन — पण पोरीच्या गळ्यातला धोंडा नाही व्हायचं मला. पाया पडतो ताई, एक खोटं बोला माझ्यासाठी. ती आली की तुमच्यापाशी येईलच, पहिल्या गिऱ्हाइकाला विचारायची तिला सवय आहे. फक्त एवढंच म्हणा — छान झालंय. जास्त नको, जास्त बोललात तर ओळखेल. तुम्ही माझ्याकडे असं बघू नका हो. मी काय तुम्हाला —

अरे देवा. आली. खिडकीतून बघा, ती निळ्या स्वेटरची, चढावरून पळत उतरतेय. पळत! लंबू, ए लंबू, ते मोठं पातेलं ओत मोरीत. सगळं. विचारू नकोस, ओत म्हणतो ना! आणि बाहेर लिही, रस्सा संपला. संपला म्हणजे संपला, लोक तुटून पडले म्हण. ताई, हसा जरा. मघाशी हसलात तसं.

आलीस? एवढ्यात? ये ये, श्वास घे आधी. अगं काय व्हायचंय, उत्तम चाललंय! संपलंसुद्धा, विचार लंबूला. या ताई लांबून आल्यात, मी म्हटलं बसू जरा गप्पा मारत. विचार ना त्यांना, विचार — ऐकलंस? छान झालंय म्हणतात. मी नाही गं शिकवलं त्यांना — बघा ताई, काय बोलते ही! हा वाडगा? हा तर माझा. त्यांचा केव्हाच खाऊन झाला, मलाच भूक लागली म्हणून — अंहं, चमचा ठेव तो. चमचा ठेव, छकुले, बापाच्या वाडग्यात हात घालायचा नाही. जेवतोय ना मी? हे बघ. हा एक घास. हा दुसरा. मस्त झालंय, दाणा कसा लोणी — लोण्यासारखा. आधी सांग, तू काय केलंस वर? काय करून दाखवलंस? घेवडा? त्यांच्याकडे जाऊन घेवडा! आणि बाई काय म्हणाल्या? मग! मग ‘हो’ म्हणून टाक ना, फोन लाव आत्ता, माझ्या तोंडाकडे काय बघतेस? मी सगळा संपवणार आहे, पावाने पुसून — हा बघ, तळ दिसला. झालं? पटलं? एकट्याने केलंय, मापाबिपाची गरज नाही पडली, हात आपोआप थांबतो, अजून थांबतो माझा हात.

रडतेस कशाला? अगं, रडायला काय झालं? आणि हा जग कशाला आणून ठेवलास माझ्यापुढे? कुणी मागितलं पाणी? मला नकोय. तहान नाही मला. जरा — जरा बोलून बोलून घसा कोरडा पडलाय, बाकी काही नाही. त्या ताईंना दे. ताई, तुम्ही निघा आता. उशीर होतोय तुम्हाला, उतारावर सांभाळून, बूट निसरडे आहेत. निघा म्हणतो ना, आमच्या घरातलं बोलणं आहे हे. आणि — जाता जाता तो जग तेवढा इकडे सरकवा. नाही, पेला नको. जगच द्या.